‘गंगव्वा’ आगबोटीची वाटणी

मी, मृत्युंजय बसलिंग हेरवाडे, वय वर्षे चोपन्न, धंदा वर्तमानपत्रांतून लोकांची टवाळी करणे, मूळ राहणार कुरुंदवाड, हल्ली राहणार राजारामपुरी सहावी गल्ली, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉ. प्रसेनजीत शिरोळकर यांनी दिला आणि देताना ते हसले, म्हणजे त्यांचीही शाबूत असावी. मला कोणी धमकावलेले नाही, दारू पाजलेली नाही, समोर बसून रडून दाखवलेले नाही. पुढच्या आठवड्यात मिरजेला माझी छाती उघडणार आहेत. आत जे सापडेल ते सापडो, बाहेरचे आधी लावून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते म्हणून कोणी कागद नाचवू लागला, तर तो माझा पुतण्या शशिधर आहे असे समजावे आणि कागद न वाचता परत द्यावा.

कलम पहिले. राहता फ्लॅट, भांडीकुंडी आणि न चालणारा मिक्सर माझी धाकटी बहीण दानेश्वरी हिला द्यावा. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच. कारण एवढेच की ती एकदा मालवणला सहलीला गेली, तिथे तिने सुरमई खाल्ली, आणि घरी आल्यावर आईला ‘खाल्ली’ असे तोंडावर सांगितले. आमच्या सबंध घराण्यात मासा या विषयावर खरे बोललेली ती एकटी. मी लग्न केलेले नाही. ज्या मुली पाहायला गेलो त्यांनी समजूतदारपणा दाखवला.

कलम दुसरे. इस्पितळाच्या तावडीतून बँकेत जे सुटेल ते गल्लीतल्या वाचनालयाला द्यावे. त्यातून वर्तमानपत्रे मात्र घेऊ नयेत. मी ती आतून पाहिली आहेत.

कलम तिसरे. माझी मुख्य मिळकत म्हणजे कुरुंदवाडची गुऱ्हाळाची जुनी शेड, तिच्यातले वाफेचे इंजिन आणि बॉयलर, आणि भोवतालची जागा. वाटणीत थोरल्या भावाने मळा घेतला आणि मला भंगार दिले, ते हे भंगार. या जागेच्या कडेला गुऱ्हाळातल्या जुन्या भट्टीवाल्याची सून यल्लव्वा हिचे घर आहे. तिला तिथून उठवून शशिधरला तिथे मंगल कार्यालय बांधायचे आहे, आणि त्यासाठी तो माझ्या मरणाकडे मोठ्या श्रद्धेने डोळे लावून बसला आहे. म्हणून हे इंजिन कुठून आले ते लिहिणे भाग आहे. घरात ते कोणी सांगत नाही.

आमचा अज्जा गुरुपाद हेरवाडे याला ऊस गाळायला वाफेचे इंजिन हवे होते. तेव्हा रत्नागिरीला साहेबांच्या कुठल्याशा कंपनीने विलायतेहून एक जुनी आगबोट आणली होती. समुद्राचा तळ खरवडत जाळे ओढायचे आणि वाफेच्या विंचने वर घ्यायचे, असला प्रकार या किनाऱ्याला नवा होता. थोड्याच दिवसांत कंपनी बुडाली, बोट तरंगत राहिली. लिलाव निघाला. इंजिन स्वस्तात जातेय एवढेच ऐकून अज्जा घाट उतरला. बोट कसली, हे विचारायचे राहून गेले. समुद्र त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ढिगाने पडलेले जाळे पाहून त्याला वाटले, गवताचे भारे बांधायला असेल. आधी बोली लागली, मग वास आला.

आम्ही लिंगायत. माझी अज्जी रस्त्यात अंड्याचे टरफल दिसले तरी गल्ली बदलायची. इंजिन बाहेर काढायचे तर बोट फोडावी लागणार होती, फोडणारा कोणी मिळेना, आणि परत घेणारा तर नाहीच. तेव्हा अज्जाने असे ठरवले की फुटेपर्यंत तिने आपले पोट आपण भरावे. बोटीला अज्जीचे नाव दिले, ‘गंगव्वा’. अज्जीला सांगितले की बोट धान्य वाहते.

मग नियम झाले. सोमवारी जाळे टाकायचे नाही. श्रावण तर पूर्ण पाळायचा. श्रावणात तो समुद्र तसाही कोणाला आत घेत नाही, पण आमच्या घराण्याची बहुतेक व्रते याच जातीची आहेत. बोटीवरचा स्वयंपाक शुद्ध शाकाहारी. ढोमे, पाकट, मुशी यांच्या गुडघाभर ढिगात उभे राहून खलाशांनी झुणका-भाकरी खायची. बोट हाकणारा पहिला तांडेल महिन्यात पळाला. दुसरा टिकला, कारण त्याची सोय भट्टीपाशी होती.

भट्टीपाशी होता आकाराम. कोळसा मारायला आमच्यातला एक जण जाईना, तेव्हा अज्जाने कुरुंदवाडच्या महारवाड्यातून त्याला नेले. बोटीच्या पोटात, भट्टीच्या तोंडाशी, तो दिवसभर फावड्याने कोळसा ओढायचा, आणि त्याच फावड्यावर सगळ्यांसाठी बांगडे भाजायचा. एकदा अज्जा बोटीवर चढला तो नेमका भाजताना. त्याने नाक वर केले, विचारले, कसला वास? आकाराम म्हणाला, “कोळशाचा हाय, मालक.” अज्जा म्हणाला, “कोळसा बरा आहे,” आणि उतरून गेला. ही गोष्ट आकाराम हसत सांगायचा. मला तेव्हाही हसू येत नसे. त्या ‘बरा आहे’मध्ये आमचे सगळे घराणे आहे.

बोटीच्या कारभाराची मला शिसारी येते, माशांची नव्हे. जाळे तळावरून जायचे आणि जे असेल ते उपटून आणायचे. पिल्ले, शिंपले, चिखल, सगळे. किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांची जाळी फाटायची, ते दगड मारायचे, अज्जा फौजदाराला नारळ पाठवायचा. बर्फ नव्हता. बंदराला लागेपर्यंत निम्मा माल कुजायचा आणि उरलेला चेंदलेला म्हणून कोळणी हात लावायच्या नाहीत. बोट रोज कोळसा खायची आणि रोज घाण ओकायची.

तरी अज्जा बुडाला नाही. कुजलेला मासा वाळूत वाळवून, पोत्यात भरून, गाड्या घाट चढून कुरुंदवाडला येऊ लागल्या. अज्जाने ते उसाला घातले. ऊस असा आला की शेजारचे शेतकरी नवस विचारायला यायचे. त्या उसाच्या गुळाची पहिली ढेप दरसाल मठात जायची, आणि मठाचे स्वामी, आमचे अय्या, तो गूळ प्रसाद म्हणून वाटायचे. आमचा गूळ सात्त्विक म्हणून नावाजला होता. माशांची जन्मात शिवाशिव केली नाही असे सांगणारे आमचे भाऊबंद त्याच गुळावर वाढले, मी धरून. ज्यांना आता हे वाचून मळमळत असेल त्यांनी मळमळू द्यावे.

शेवटी बोटीचा तळ गंजला. तिला खाडीत ओढून फोडली, बॉयलर, इंजिन आणि विंच काढले, आणि ओंडक्यांवरून, बैलांच्या जोड्यांवर जोड्या लावून घाटावर चढवले. आकाराम त्यांच्याबरोबर परत आला आणि गुऱ्हाळात त्याच भट्टीपुढे उभा राहिला. आता कोळशाऐवजी चिपाड, एवढाच फरक. छप्पन्न साली त्याने धर्म बदलला. भट्टी बदलता आली नाही. वीज येईपर्यंत तो त्या तोंडासमोर होता. अज्जाने त्याला शेडच्या कडेला खोपट बांधू दिले, कागद केला नाही. यल्लव्वा ही त्याची सून, नवऱ्यामागे एकटीने मुलगा कृष्णातला वाढवलेली.

कलम चौथे. शशिधरविषयी. मागच्या उन्हाळ्यात त्याने मला न विचारता शेडमधला विंच गॅसने कापून नेला. विचारले तर म्हणाला, वास येत होता. सत्तर वर्षांनी. मग इंजिनाला तांबडा ऑइलपेंट फासला आणि संगमरवरावर अक्षरे कोरून आणली, ‘कै. गुरुपाद हेरवाडे यांनी आणलेले कुरुंदवाडातील पहिले रेल्वे इंजिन’. हे मंगल कार्यालयाच्या दारात बसवायचे. मी त्याला म्हणालो, अरे, कुरुंदवाडला रेल्वे कधी आलीच नाही.

“म्हणून तर पहिलं, चिक्कप्पा,” तो म्हणाला.

मग मला समजावू लागला. लोक जेवायला येणार, लग्नाची मंडळी, जंगम, पावणे. “तिथं मासा कशाला आणताय? अज्जानं पाप केलं असंल तर ते पुरलं जाऊ द्या की. तुमचं आपलं उकरून वास घ्यायचं.” यल्लव्वाचे काय, असे विचारले, तर म्हणाला तिची सोय करू, लग्नाची भांडी घासायला बाई लागतेच.

हे त्याने तोंडात पेढा असताना सांगितले.

सबब, ‘कुरुंदवाडातील पहिले रेल्वे इंजिन’ मी शशिधर यास बक्षीस देत आहे. ते जिथे सापडेल तिथून त्याने स्वखर्चाने उचलून न्यावे. याखेरीज त्याला काही नाही. माझ्या मातीच्या वेळी त्याने भाषण करू नये. फारच आले तर खोकून घ्यावे.

कलम पाचवे. शेड, इंजिन आणि जागा कोणाला, हे. याचा मसुदा मी मोठ्या तोऱ्यात केला होता. जागा यल्लव्वाला, मात्र इंजिन तिथेच जपायचे, आणि वर पाटी लावायची, ‘हे मासेमारी आगबोटीचे इंजिन असून हेरवाडे घराणे यावर उभे आहे’. पाटीखाली माझे नाव. मसुदा घेऊन मी कुरुंदवाडला गेलो. यल्लव्वा दारात शेंगा फोडत बसली होती. मला सावकार म्हणू नको असे सांगून मी थकलो, तेव्हापासून ती मला ‘पेपरवालं’ म्हणते. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “आन् हे पुसायचं कुणी?”

मी विचारले, काय पुसायचे?

“हे धूड. पाटी लावल्यावर लोकं बघाय येणार की. राखायचं कुणी, पुसायचं कुणी? मीच न्हवं?” शेंगा फोडायचे तिने थांबवले नव्हते. “आमच्या मामंजींचं डोळं ह्याच्या तोंडाम्होरं गेलं. शेवटाला ताट कुठं हाय ते हातानं चाचपायचं. त्या दगडावर तुमच्या अज्जाचं नाव, पाटीवर तुमचं. आन् आमी राखणदार. शशिधर भांडी घासाय लावतोय, तुमी इंजिन. फरक काय हाय, सांगा की.”

मी पेन काढून मसुद्यातली पाटीची ओळ खोडली. मी म्हणालो, बरं, अट काढतो, जागा नुसती तुझी, माझ्यामागे.

“तुमच्यामागं त्यो मला कागुद वाचू देणार व्हय?” ती म्हणाली. “द्यायचं आसंल तर जित्तेपणी द्या. न्हायतर ऱ्हाऊ द्या, पेपरवालं. आजवर कागुद न्हवताच.”

म्हणून कालच्या तारखेला, दस्तनोंदणी कचेरीत, मी शेड, तिच्यातील सर्व लोखंड आणि भोवतालची सबंध जागा यल्लव्वा कांबळे हिला बक्षीसपत्राने कायमची आणि बिनअट देऊन टाकली आहे. नोंद झाली आहे. शशिधरला हे या ओळीवरून कळेल आणि त्या वेळी त्याचा चेहरा पाहायला मी नसेन, एवढीच हळहळ. थोडक्यात, या कलमात देण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही.

कचेरीच्या पायरीवर मी तिला विचारले, इंजिनाचे काय करणार? ती म्हणाली, मोडणार, आणि त्या जागी कृष्णातच्या बायकोसाठी न्हाणीघर बांधणार. मग तिनेच विचारले, “तुमी हाय तंवर थांबू का?”

मी म्हणालो, नको. उद्याच बोलव गॅसवाल्याला.

तेव्हा सर्व संबंधितांस कळावे की, हे मृत्युपत्र उघडले जाईल त्या दिवशी शेडमध्ये इंजिन दिसले नाही तर ते चोरीला गेले असे समजू नये, आणि पोलिसांना तसदी देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि खाडाखोड केल्या जागी आद्याक्षरे घातली. दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना, त्यांच्या देखत सही करीत आहे.

(सही) मृत्युंजय बसलिंग हेरवाडे

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. (सही) डॉ. प्रसेनजीत शिरोळकर, राजारामपुरी
२. (सही) बाळासो खोत, मुद्रितशोधक, कळंबा

ठिकाण: कोल्हापूर
तारीख: १४ नोव्हेंबर २००३