खुणेपर्यंत पाणी

१३ फेब्रुवारी २००९, शुक्र.
सुहासची नोकरी जाऊन महिना. मी शाळेत शिकवायला निघते तेव्हा तो मासे आणि प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे स्टुलावर, परत येते तेव्हाही तिथेच. त्याच्या ऑफिसातले निम्मे लोक गाशा गुंडाळून भारतात परतले. हा म्हणतो, "ही कोरल्स टाकून कुठे जाऊ?" निदान टाकीसाठी उठतो, दाढी करतो. सासूबाई सांगलीहून आल्यात, व्हिजिट व्हिसावर, मुलाला धीर द्यायला. आज त्याने त्यांना काम दिलं. रोज जेवढं पाणी उडून जातं तेवढं फिल्टरचं पाणी टाकीत घालायचं, काचेवरच्या खुणेपर्यंत. काय खूश झाल्या!

२६ फेब्रु., गुरु.
दोन गोगलगायी तळाशी उताण्या. हिरव्या कोरलने अंग आक्रसून घेतलंय. सुहास दिवसभर पाणी तपासतोय. मीठ ठीक, तापमान ठीक. "मग मरतंय कशाने?" म्हणून माझ्यावरच खेकसला. जशी काही मीच...

३ मार्च, मंगळ.
फांद्यांच्या कोरलची कातडी सुटतेय, खालचा पांढरा दगड दिसायला लागला. सुहास जेवला नाही. "हेही गेलं तर मी इथे बसून करू काय?"

५ मार्च, गुरु.
कळलं. आईंची तांब्याची कळशी! चिंच लावून लखलखीत. फिल्टरचं पाणी रात्रभर तिच्यात भरून ठेवतात, सकाळी टाकीत. "नुसतं मशीनचं पाणी कसलं गं ते. तांब्यातलं शुद्ध. देवाला तेच, त्याच्या माशांना तेच." सुहास येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो की माशांचं औषधसुद्धा टाकीत चालत नाही, त्यात तांबं असतं, कोरल मरतात. आईला सांगायचं तेवढं राहिलं. मी प्लास्टिकचा जग दिला, म्हटलं, कळशी जड होते तुम्हाला. आई म्हणाल्या, "माझ्यामुळे होतंय का गं?" नाही म्हटलं. फार पटकन म्हटलं.

६ मार्च, शुक्र.
सांगितलं नाही तर तो भलतेच उपाय करत बसणार आणि तांबं पाण्यात तसंच. सांगितलं तर आईंना काय बोलेल... हल्ली त्याचा नेम नाही. तोंड उघडलं, चहा हवा का विचारलं. भित्री आहे मी.

७ मार्च, शनि.
आईंनीच सांगितलं, मी अंघोळीला गेले तेवढ्यात. बाहेर आले तर कळशी टीपॉयवर, सुहास तिच्याकडे बघतोय. "आई, अगं..." एवढंच. चपला घालून गेला. फोन उचलेना. आई जागच्या हलल्या नाहीत, पाणीसुद्धा नको म्हणाल्या.
दुपारी आला. देऱ्याच्या बाजारातल्या दुकानातून तांबं शोषणारी पिशवी आणली होती, ती टाकीच्या फिल्टरमध्ये लावली, बरंच पाणी बदललं. फांद्यांचं गेलंच म्हणाला. हिरव्याचं सांगता येत नाही. मग जग भरून आईंपुढे धरला. "घाल. खुणेपर्यंत." आईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.
मी कुकर लावायच्या निमित्ताने आत आलेय. अजून पाणी ओतल्याचा आवाज नाही.