नालीवरचा उतार

पांढुर्णा,
१ ऑगस्ट २०२५

प्रिय पंकजदादास,
सप्रेम नमस्कार. केतकीवहिनीलाही.

दरवर्षी माझ्या पाकिटातून राखी निघते नि कुंकवाची पुडी. या वर्षी पाकीट जाड लागलं असेल. फोन असताना ही बाई पत्र काहून लिहून राहिली, असं म्हणशील. कारण आहे, पण ते मागाहून. आधी कामाचं.

आपल्या दारासमोरच्या नालीवर रॅम्प बांधायचा आहे, अन् तोही पोळ्याच्या आत. नाली सरकारी, तिला हात लावायचा तर नगरपालिकेची परवानगी पाहिजे. हे आपल्या घराला तुझ्याइतकं कोणी शिकवलं नाही! म्हणून मी रीतसर अर्ज केला. मराठीत भांडणारी माणसं आपण, पण अर्ज हिंदीतच करतो. कारण लिहिलं, 'स्कूटी चढ़ाने हेतु'.

पाहणीला नवीन उपयंत्री आल्या, अनुराधा मॅडम. तुझीच जात, म्हणजे इंजिनियरची. आल्या तशा वेळूची काडी घेऊन नालीत खुपसून पाहू लागल्या. पाणी इकडून येते तर तिकडे कुठं जाते, गाळ कोण काढते, सारं विचारलं. मलाही मजा वाटली. इतकी वर्षं या नालीवरून उडी मारून राहिलो, पण ती जाते कुठं, हे कधी विचारलं नव्हतं. शेजारच्या कवडूकाकांच्या घरापुढून वळते म्हणे, अन् तिथंच तुंबते.

मग त्यांनी माझा नकाशा उघडला. "स्कूटीले एका फुटाला बारा फूट उतार? स्कूटी म्हातारी हाये का?"

मी नकाशाची घडी घालू लागली. तर दाराच्या आडून बाबाच बोलले, "खरं सांग ना पोरी. माह्या खुर्चीसाठी हाये म्हणून."

दादा, तू इंजिनियर आहेस, बाराचा आकडा वाचूनच तुला समजलं असेल. जूनमध्ये बाबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. नागपूरला नेलं, आता बोलणं साफ आहे, जेवण ठीक आहे, पण चाकाच्या खुर्चीवर आहेत. दवाखान्यात न्यायचं तर भिवाजी मिस्त्री नि कवडूकाका खुर्चीसकट उचलून नाली ओलांडतात. बाबा डोळे मिटून घेतात. "मले कापसाच्या पोत्यावानी नका उचलू रे," म्हणतात. परवा तर जायलाच नाही म्हणाले.

तुला कळवलं नाही म्हणून रागावशील. रागाव. मला बजावलं होतं, "त्याले फोन करशील तर माही आन हाये." फोन म्हणाले होते. पत्राचं काही बोलले नाहीत. म्हणून हे पाकीट.

आपला ओटा तुटला तो दिवस मला विसरता येत नाही, तुलाही येत नसेल. तू तेव्हा इथंच नगरपालिकेत इंजिनियर होतास, नालीवरचे ओटे काढायचे होते अन् गल्लीत बोलून गेलास, "पहिला ओटा आमचा." त्या ओट्यावर पोळ्याला आपली जोडी उभी राहायची. आई बैलांचे पाय धुवायची, पुरणपोळी भरवायची. आई गेली, तरी बाबांनी ते चालवलं होतं. पोळा तोंडावर आला होता रे, अन् तू जेसीबी उभा केला. मला तेव्हा तुझा फार राग आला. आठ दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? तेव्हापासून बाबा जोडीची पूजा वावरातच करतात. दारात बैल आला नाही, अन् सौंसरला गेलास तो तूही नाही.

पण ऐक पुढं. मॅडमनी परवानगी दिली. अटी दोन. उतार रस्त्यावर न जाता भिंतीकडून वळवायचा. अन् नालीवर पक्का स्लॅब नाही, उचलता येईल अशी लोखंडी जाळी, म्हणजे गाळ काढता येईल. मी वाचून दाखवलं. बाबांनी नालीकडं पाहिलं. मग म्हणाले, "पंक्यानं हेच सांगतलं होतं. आपल्या ओट्यानं कवडूच्या घरात पाणी शिरते म्हणे. मी आयकलं नाही." एवढंच. मी आत जाऊन रडून घेतलं.

आता गंमत पाह्य. कागद हातात आहे, जाळी आली, रेती पडली, अन् बाबा काम सुरू करू देत नाहीत! एकदा म्हणे रेती ओली आहे. मग म्हणे जाळी पातळ आहे. काल भिवाजीलाच झापलं, "तुले उताराचं काय समजते? तू चुली बांध." बिचारा घमेलं घेऊन परत गेला. मी म्हटलं, मग मॅडमलाच बोलावू? "नाई." दुसरा कोणी इंजिनियर? "नाई." अहो, मग पाहिजे तरी कोण तुम्हाला? तर तोंड फिरवून विचारतात, "सौंसरची बस अजून चौकातच थांबते का वं?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मी बुद्दू ती बुद्दूच.

तू ये दादा. भाषण नको, माफी नको, दोघांनाही ते जमत नाही. नालीपाशी बस, उतार पाहा, अन् चुकलं असेल तिथं बाबांशी भांड. पोळ्याला जोडी दारात यावी अन् बाबांनी डाव्या हातापायानं खुर्ची स्वतः चालवत तिच्यापर्यंत जावं, एवढंच मला पाहिजे.

बाबांची आण न मोडता त्यांचं ऐकलं नाही, अशी तुझी
दिपाली

ता. क. पाकीट चिकटवत होती, तर बाबांनी विचारलं, "राखीले इतके कागद लागते का?" मी पाकीट पाठीमागं लपवलं. मग म्हणाले, "लिहिलंच हायेस, तर हेबी लिही. नगरपालिकेची परवानगी भेटली. त्याची राह्यली."