एमसकाकांचा ‘सेट’

लंडन, ४ फेब्रुवारी १९७४

ति. विनीमावशीस सा. न. वि. वि.

तू तिकडच्या बोलीतले शब्द लिहून पाठवलेल्या चिठ्ठ्या पोचल्या. शब्दकोशाच्या कचेरीत सध्या माझ्या टेबलावर ‘सेट’ आहे. एवढासा शब्द, पण छळतोय नुसता! सूर्य सेट होतो, मुरांबा सेट होतो, मोडलेलं हाड सेट करतात, आणि तुमच्याकडे तर शेतात बटाटे लावणं म्हणजेही सेट करणं! तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या घेतल्या, एक सोडून. पाहुण्याला थोडं पोचवायला जाणं म्हणजे त्याला ‘सेट’ करणं, हा एमसकाकांचा अर्थ. शंभर वर्षांत तो कुठे छापलेला सापडत नाही, आणि ऐकीव पुरावा आमच्याकडे चालत नाही गं. साहेब म्हणतात, पुढे कट्यारीची खूण घाला. म्हणजे अर्थ मेला.

काकांना जाऊन तीन महिने झाले. तिथल्या साप्ताहिकात, दफनाला आलेल्यांच्या आभाराचं निवेदन अजून का दिलं नाहीस? जेवतेस ना वेळेवर?

तुझ्या मायेची हक्कदार,
रोझमंड

स्वेलडेल, ११ फेब्रुवारी

चि. रोझमंडला अ. आ.

मेला म्हणे! तुझे काका गुडघे धरून पोस्टमनलासुद्धा फाटकापर्यंत सेट करायचे. तुझ्या नवऱ्याला लग्नाआधी दोन मैल सेट करून आले आणि म्हणाले, पोरगा बरा आहे, पण चालतो कोंबडीसारखा. त्यांच्या तोंडचा शब्द मेला असं तुम्ही छापणार, आणि मी ते वाचायचं? रडू आलं बाई मला, खोटं कशाला सांगू.

आभाराचं लिहायला चारदा बसले. ते छापून आलं की हे खरंच गेले, असं वाटतं. म्हणून राहिलंय. जेवते मी. टोस्ट म्हणजे जेवणच.

रागावले तरी तुझीच,
मावशी

स्वेलडेल, २ मार्च

चि. रोझमंडला अ. आ.

दिलं एकदाचं निवेदन. कात्रण सोबत आहे: ‘भर पावसात आमच्या एमसला दफनभूमीपर्यंत सेट करायला जे जे आले, त्या सर्वांची मी ऋणी आहे.’ साप्ताहिकाच्या बाईंनी फोन केला, शब्द चुकलाय का म्हणून. मी म्हटलं, अजिबात बदलू नका. आता तुझ्या साहेबांना चालेल का, ते कळव.

वाट बघणारी,
मावशी

लंडन, ७ मार्च

ति. मावशीस सा. न. वि. वि.

साहेबांनी कात्रण दोनदा वाचलं. मग कट्यार त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली. नोंदीत तुझं वाक्य जातंय, पुढे साल १९७४.

शनिवारी येतेय. परत निघताना मला फाटकापर्यंत सेट करायला आता तूच यायचंस.

तुझी,
रोझमंड