घंटाकर्णात कोण बसणार

१६ जुलै १९९४, शनिवार
लाँड्रीरूममध्ये खालच्या मजल्यावरची शोभा भेटली. दोघींचे ड्रायर फिरत होते, मग गप्पा. पुढच्या महिन्यात त्यांचा नेवा लोकांचा सण येतोय, गठेमुग. तिकडे पाटणला, काठमांडूजवळ, लव्हाळ्यांचा राक्षस करतात. नाव घंटाकर्ण. दिवसभर चौकात उभा, संध्याकाळी ओढत नेऊन नदीत. घरोघरची भुतंखेतं त्याच्याबरोबर जातात. मग उंबऱ्याला लोखंडी खिळा, परत येऊ नयेत म्हणून.

मी म्हटलं, अगं ही तर आमची मारबत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आख्खं नागपूर रस्त्यावर असतं. "घेऊन जा गे मारबत" असं ओरडून दाखवलं तर टॉवेलांच्या घड्या घालणारी गोरी म्हातारी दचकली.

यंदा इथे अमेरिकेतच करायचं ठरलं. कॉम्प्लेक्समागच्या तळ्याला लव्हाळं हवं तेवढं आहे. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

१७ जुलै, रविवार
आमच्या घरच्या रविवारच्या बुद्धवंदनेला शोभा आणि तिची लेक प्रज्ञा आल्या होत्या. आमची लेक मित्रा आणि प्रज्ञा एकाच वर्गात, एकाच बसमध्ये, भांडणंही तीच.

नंतर नागपूरला फोन. बाबांचा पहिला प्रश्न नेहमीचा: "शाक्यांची लेक कशी आहे?" जानेवारीत लेटरबॉक्सवर 'शाक्य' वाचून मी त्यांना सांगितलं होतं. बुद्धाचं कुळ, आणि आपल्या जिन्याखाली राहतं, याचं त्यांना कोण कौतुक. मलाही. इथल्या मराठी मंडळात आडनाव विचारून झालं की बोलण्याचा सूर बदलतो. शोभाकडे तसं नाही.

चौदा एप्रिलला तिला सगळं सांगितलं होतं. आजोबा ग्रहणात गावभर "दे दान, सुटे गिराण" ओरडत फिरायचे. लोक माडीवरून जुने कपडे, धान्य टाकायचे. आजोबांनी घेतलं की त्यांचं ग्रहण सुटायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर पुढच्या ग्रहणाला घराचं दार आतून लावून घेतलं आणि गाव बाहेर शिव्या देत उभं राहिलं. बाबा तेव्हा शाळेत होते. ऐकताना शोभाचे डोळे भरून आले होते.

२३ जुलै, शनिवार
लव्हाळं कापलं. हात सोलवटले. तीन पेंढ्या वर एकत्र बांधून तंबूसारखा उभा केला, शोभाच्या नवऱ्याने पुठ्ठ्याचा चेहरा रंगवला. डोळे फार चांगले जमलेत.

आत माणूस बसावा लागतो म्हणे. अंगाला रंग फासायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे सुटे पैसे मागायचे आणि शेवटी राक्षसाबरोबर तळ्यापर्यंत जायचं. शोभा म्हणाली, "मित्रा छान करेल." मित्रा तर नाचायलाच लागली. प्रज्ञाने "मी पण" म्हटलं. शोभा त्यांच्या नेवारी भाषेत काहीतरी बोलली, पोरगी गप्प.

मी मनात फुशारले. आपली पोरगी नाटकी आहेच, म्हटलं, लोकांच्या लक्षात येतं.

शोभाने आमच्यासाठीही खिळा दिला. भाड्याच्या घरात खिळे ठोकायला बंदी, म्हणून माझ्या नवऱ्याने, आनंदने, तो चिकटपट्टीने दाराला लावला. भुतांना चिकटपट्टी कळत नसेल, असं म्हणाला.

३० जुलै, शनिवार
आजचं लिहावंसं वाटत नाही. तरी लिहून ठेवते.

शोभाची सासू उन्हाळ्यापुरती आली आहे. सगळे तिला आमा म्हणतात. दुपारी पॅटिओवर तिच्याबरोबर शेंगा सोलत बसले होते. तिचं हिंदी मोडकंतोडकं, माझंही काही फार ग्रेट नाही. सहज विचारलं, पाटणला आत कोण बसतं?

"पोडे." मला कळलं नाही. तिने हाताने झाडू मारून दाखवला. गल्ल्या झाडणारे. त्यांचंच काम. पैसे घेतात आणि पीडा घेऊन जातात. दुसऱ्या कुणी बसून चालत नाही.

मग माझ्या गुडघ्यावर थोपटून, अगदी मायेने: "शोभाने सांगितलं. तुम्ही लोक आहात म्हणून यंदा नीट होईल."

मी उरलेल्या शेंगा सोलून दिल्या. का दिल्या? उठून का नाही आले? हे मला अजून कळत नाही.

३१ जुलै
वंदना नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. बाबांचा फोन आनंदला घ्यायला लावला. "शाक्यांची लेक" ऐकायची ताकद नव्हती.

आनंद: "म्हातारी बाई आहे, सोड ना यार. मित्राला ताप आलाय म्हणू, कॅन्सल करू." म्हणजे खोटं आपण बोलायचं. पुण्यात हॉस्टेलवर हाच माणूस एका शब्दावरून मारामारी करून आला होता. इथे लॉन कापून कापून मऊ झालाय.

आणि मित्राला काय सांगायचं? तिला एवढंच माहीत आहे की आपण बुद्धिस्ट. बाकी काही सांगायचं नाही, हे आम्ही ती पोटात असतानाच ठरवलं होतं.

३ ऑगस्ट, बुधवार
ऑफिसमधून येताना पार्किंगमध्ये शोभाला गाठलं. आमचं हिंदीतच चालतं. तिच्या कमरेवर कपड्यांची बास्केट. ती खाली ठेवली नाही तिने.

"दिदी, तुम्हीच सांगितलं होतं ना ग्रहणाचं. आजोबांनी दान घेतलं की सगळ्यांचं सुटायचं. मला वाटलं मान आहे तुमचा. आमच्याकडे त्या माणसाशिवाय सण होतच नाही."

"आणि दार लावून घेतलं, ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. पण इथे जबरदस्ती कोण करतंय? मित्राला मजा येतेय."

"मग प्रज्ञाला बसव."

बास्केट या कमरेवरून त्या कमरेवर. "आमा इथे आहेत तोवर नाही."

"आणि त्या गेल्यावर?"

"मग सण तरी कोण करणार, दिदी?"

तिला खरंच कळलेलं नाही. हे जास्त वाईट. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. मंडळातल्या बायकांवर मी कधी विश्वास ठेवला नाही, म्हणून त्यांनी कधी दुखावलं नाही. हिच्यासमोर मी आजोबांना आणून बसवलं, आणि हिने त्यांना पुन्हा कामाला लावलं.

५ ऑगस्ट, शुक्रवार
बसायचं नाही म्हटलं, तर मित्रा ऐकेना. ताप नाही, मग का नाही? तिने जुन्या चादरीचा झगा शिवलाय, रंगाची डबी उशाशी. "गिव्ह मी वन रीझन, आई."

दिलं. टेबलाशी समोरासमोर बसून सगळं सांगितलं. गाव, आजोबा, ग्रहण, पोडे, आमा. आनंद किचनमध्ये नळ सोडून उभा होता, भांडी नसताना.

ती रडली नाही. बराच वेळ झग्याचा दोरा ओढत बसली. मग म्हणाली, "बिफोर, आय वॉज जस्ट अ मॉन्स्टर."

 

६ ऑगस्ट, शनिवार
सणाचा दिवस. मॉलला जाऊ म्हटलं तर मित्रा नाही म्हणाली. बाल्कनीत खुर्ची टाकून बसली. मीही मागे.

चार-पाच नेपाळी कुटुंबं, अंड्याचे पदार्थ, कॅमेरा. घंटाकर्ण रिकामा उभा. आमा हातवारे करत होती. बहुतेक आत कुणी नाही म्हणून. शोभाचा नवरा इकडेतिकडे फिरला आणि कॉम्प्लेक्सचं गवत कापायला येतो त्या मेक्सिकन माणसाला घेऊन आला. खिशातून काही नोटा दिल्या. तो हसतच तयार झाला. प्रज्ञाने त्याच्या गालांना रंग लावला. तो आत बसला, टोपी पुढे केली, सगळ्यांनी सुटे पैसे टाकले. मग राक्षसाबरोबर त्यालाही तळ्यापर्यंत ओढत नेलं. टाळ्या झाल्या. शोभाने एकदा वर आमच्या बाल्कनीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मला आधी काय वाटलं? सुटलो. हो, हेच वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

मित्रा म्हणाली, "ही डझन्ट नो, राइट?"

"नाही."

"इज समवन गोइंग टू टेल हिम?"

आनंदने आत टीव्हीचा आवाज वाढवला. तो माणूस तळ्याच्या पाण्याने तोंड धुऊन परत मशीन चालवायला गेला. कानामागचा निळा रंग तसाच राहिला होता. मी खाली उतरले नाही.

७ ऑगस्ट, रविवार
सकाळी दारावरचा खिळा काढला. पट्टीबरोबर रंगही निघाला. कॉम्प्लेक्सवाले विचारतील.

तळ्यात लव्हाळं अजून तरंगतंय, पुठ्ठ्याचा चेहरा विरघळलाय.

वंदनेची वेळ झाली. आनंदने मेणबत्ती लावली. खाली शोभाचं दार वाजल्यासारखं वाटलं. जिन्यावर पावलं असतील किंवा नसतील. मित्रा चटयांची गुंडाळी काखेत धरून हॉलच्या मधोमध उभी आहे. "आई, त्यांच्या पण घालू?"

मी हे लिहितेय, म्हणजे तिला वाटावं की मी कामात आहे. ती अजून उभीच आहे.