तेविसावी फ्लॉपी

कांदिवली,
९ ऑगस्ट १९८७

प्रिय लवूदादा,

मस्कतला जाताना तू ठेवून गेलेला कॉम्प्युटर मी सुरू केला. वर त्यातली जुनी सिस्टिम, सीपीएम, काढून डॉस घातली. अंधेरीच्या नव्या नोकरीत डॉसच लागते, म्हणून घरी सराव. पण यंत्र तेच, तारा त्याच, आणि वागणं पार निराळं कसं रे? कॉपी करताना सीपीएमला आधी कुठे न्यायचं ते सांगायचं, मग काय न्यायचं. डॉसला बरोबर उलटं. या गोंधळात तुझा बुद्धिबळाचा खेळ पुसला गेलाय. रागावू नकोस.

तुझ्या जुन्या फ्लॉप्या डॉसला वाचता येईनात, तेव्हा ऑफिसातल्या सहदेवने त्या नव्यात उतरवायचा प्रोग्रॅम दिला. तुझ्या वहीत तेवीस फ्लॉप्यांची नोंद आणि कपाटात बावीसच. मला चैन पडेना. शेवटी आईने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. कुलदेवतेच्या टाकामागे ती उभी, पाकिटावर तीन दसऱ्यांचं हळदकुंकू. गिरणीत बाबा दसऱ्याला मागाला हार घालायचे, तसाच हिचाही मान. नशीब, हळद पाकिटावरच राहिली होती.

बाबा हात लावू देईनात. मस्कतला जाण्यावरून तुमचं दोघांचं कडाक्याचं वाजलं, आणि निघताना तू ती त्यांच्या हातात देऊन जपा म्हणालास, एवढंच त्यांना ठाऊक. तेव्हापासून ना तू त्यांना ओळ लिहिलीस, ना त्यांनी तुला. मला वाटायचं, दोघंही हट्टी. दोन दिवस मागे लागले तेव्हा कुठे त्यांनी नमस्कार करून ती मला दिली.

आत एकच फाइल, बाबांच्या नावाची, रोमन अक्षरांत तुझं मराठी. मी ती बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. तू लिहिलं होतंस: तोंड वर करून बोललो, चुकलो; माफ केलं असेल तर एक ओळ पाठवा, नाहीतर पुन्हा लिहून त्रास देणार नाही. दादा, तीन वर्षं तू उत्तराची वाट बघत होतास आणि आम्ही तुझ्या माफीला उदबत्ती ओवाळत होतो. मला रडूच आलं. पण शहाण्या, जन्म मागावर काढलेल्या माणसाला कुणी फ्लॉपीत पत्र देतं का? बाबांवरही चिडले, तर म्हणतात, "तेणां जपा म्हणान सांगल्यान. उघडा म्हणान खंय सांगल्यान?" मग त्यांनी माझं पेन मागितलं. खालची ओळ त्यांची आहे. तेवढ्यासाठीच हे पत्र.

तुझीच,
सुलू

चि. लवूस आशीर्वाद. तुझं पत्र आज मिळालं.
— बाबा