आंबट झालं का?

१ सप्टेंबर, सकाळी
शौमिनने ही वही आणून दिली. म्हणाला, आई, बाबांच्या गोळ्यांच्या वेळा यात लिहीत जा. गोळ्या द्यायला मला वही लागत नाही. अक्षरं मी साक्षरतेच्या वर्गात शिकले, तीही अर्धीमुर्धी. वर्गाच्या वेळेलाच हमामखान्यात मालिशीसाठी बायका पालथ्या पडून माझी वाट बघत असायच्या. पण कोरी वही टाकवत नाही. तेव्हा यात इलाजाचं लिहीन.

म्हाताऱ्याला झटका आला. तीन आठवडे इस्पितळात होता. डावी बाजू गेली. गेली म्हणजे डॉक्टरच्या मते. तो म्हणाला, आजी, यांना नानजिंगला व्यायामाच्या वॉर्डात ठेवा, पहिले सहा महिने फार महत्त्वाचे. मी म्हटलं, तुझ्या आईची मान कुणी सरळ केली ते आधी तिला विचार. बेचाळीस वर्षं या दोन अंगठ्यांनी निम्म्या यांगचौच्या बायका उभ्या केल्या. एक नवरा उभा करणार नाहीत?

शौमिनशी ठरलं. दोंगचीपर्यंत, म्हणजे हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवसापर्यंत मुदत. तोवर म्हातारा आपल्या पायांवर उभा राहिला नाही तर तो त्याला नानजिंगला नेणार. नेऊ दे की. उभ्या माणसाला कोण नेतं?

२ सप्टेंबर
बेत ठरला. शंभर दिवस. वर दहा-बारा शिल्लक ठेवलेत, म्हाताऱ्याच्या आळसासाठी. सकाळी खांद्यापासून बोटांपर्यंत. दुपारी कमरेपासून टाचेपर्यंत. संध्याकाळी भाजलेल्या मिठाची पुरचुंडी. टीव्हीवरची नाटकं बंद. शेजारच्या मिआओबाईशी भांडण बंद. (हे जमेल तसं.)

५ सप्टेंबर
गुडघ्याखालचा बिंदू धरला. वडिलांनी मला पहिला शिकवला तो हाच. नेमका दाबला की आत आंबट होतं. जिभेचं आंबट नव्हे, मांसातलं. दुखणं वेगळं, आंबट वेगळं. दुखलं तर हात चुकला, आंबट झालं तर वाट उघडली. म्हणून आम्ही दाबताना एकच विचारतो, आंबट झालं का?

चार दिवस विचारतेय. तो छताकडे बघतो. लाकूड दाबल्यासारखं लागतं.

आज विचारून झाल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ कांदा चिरला. जेवणात कांदा नव्हता. पण चिरून ठेवलेला बरा.

६ सप्टेंबर
आंबट!

स्वतःच्या तोंडाने म्हणाला. जीभ अजून जड आहे, पण शब्द स्पष्ट. मी हात ठेवला, दाबलं, विचारलं, तर म्हणतो, आंबट. पोटरीवरून खाली करंगळीपर्यंत गेलं. तंतोतंत तीच वाट, वडिलांनी बोटाने काढून दाखवलेली! म्हातारा तीस वर्षं त्याच हमामखान्यात गिऱ्हाइकांच्या पाठी घासायचा, शरीराच्या वाटा त्यालाही पाठ आहेत. अशा माणसावर इलाज लवकर चालतो.

शौमिनला फोन केला. म्हटलं, तुझ्या नानजिंगच्या डॉक्टरांना कळव. तो म्हणाला, आई, पाय हलला का? याला नेहमी पुढचंच हवं असतं. जन्मालाही महिनाभर आधी आला.

२४ सप्टेंबर, मध्य-शरदाचा सण
शौमिन चंद्रपोळ्या घेऊन आला आणि एक व्हीलचेअर. बापाला म्हणाला, बाबा, पाय उचला बघू. पाय उचलला नाही. मी म्हटलं, आधी रस्ता उघडतो, गाडी मागून येते. सणाच्या दिवशी कुणाची परीक्षा घेऊ नये. त्याने चंद्रपोळी अर्धीच खाल्ली.

व्हीलचेअरवर लोणच्याचे कोबी वाळत घातलेत. चाकं असल्यामुळे उन्हामागे ढकलता येते. वस्तू वाईट नाही.

११ ऑक्टोबर
अंगठे सुजले. आता कोपराने दाबते. कोपराने दाब खोल जातो, तेव्हा हे एका अर्थी बरंच झालं.

मिआओबाई डोकावली. म्हणाली, चूताई, इतकं आंबट आंबट म्हणतोय तर एखादं बोट तरी हलवतो का? मी म्हटलं, दहाची दहा बोटं हलणारा नवरा तुला मिळाला होता ना? काय केलंन त्याने? पलीकडच्या गल्लीत संसार थाटला. तिने वाटीभर कुटलेलं तिखट मागायला आले होते म्हणून सांगितलं आणि न घेताच गेली.

भांडण बंदच आहे. हे भांडण नव्हतं.

२ नोव्हेंबर, दुपारी
एक गंमत झाली. दुपारच्या मालिशीआधी त्याच्या खाटेशी स्टूल ओढलं, बसले. स्टूल करकरलं. मी हात लावला नव्हता, संत्रं सोलत होते. म्हातारा डोळे मिटून म्हणाला, आंबट. करंगळीपर्यंत गेलं.

मी सोलायची थांबले.

मग लक्षात आलं. संत्र्याचा वास! आमच्याकडे दोन्हीला शब्द एकच, माणूस गोंधळणारच. एक फोड त्याच्या तोंडात घातली. एक मी खाल्ली. गोड होती. पण वासाला आंबटच असतात.

तरी स्टुलाच्या पायांना चिंध्या बांधल्या. करकर नको.

५ नोव्हेंबर
चिंध्या बांधल्यापासून मी विचारेपर्यंत तो गप्प असतो. मन लावून अनुभवतोय. प्रगती आहे.

२० नोव्हेंबर
थंडी वाढली. मिठाची पुरचुंडी आज जरा जास्त तापवली, मिरे घालून. पोटरीवर ठेवली. विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, छान, आंबट. मग मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. तिथे मिआओबाई होती. बोलण्यात वेळ गेला.

येऊन पुरचुंडी उचलली तर खाली पोटरी लालभडक, आणि वाफवलेल्या पावाएवढा फोड. म्हातारा तसाच पडून, छताकडे बघत. मला बघून हसला.

फोड चांगला. अंगात मुरलेली थंडी बाहेर पडते आहे. जेवढा मोठा फोड, तेवढी जुनी थंडी.

२४ नोव्हेंबर
फोड फुटला. तिळाचं तेल लावलं. थोडा वास येतो. थंडी जुनी असली की वास येणारच.

शौमिनला फोन केला नाही. त्याला कामं असतात.

२८ नोव्हेंबर
म्हाताऱ्याला ताप. मिआओबाईनेच शौमिनला कळवलं. चोंबडी. तो दोन तासांत गाडी घेऊन हजर. पोटरी बघितली. व्हीलचेअरवरचे कोबी एकेक करून उचलले आणि भिंतीशी नीट लावून ठेवले. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार होतं.

निघताना म्हातारा म्हणाला, तिला पुढच्या सीटवर बसव, मागे बसलं की तिला मळमळतं.

३० नोव्हेंबर, नानजिंग
जखम धुतली. सुया टोचल्या. ताप उतरला. मग एक तरुण डॉक्टरीण आली, लोण्यासारख्या मऊ हातांची. असल्या हातांनी कणीकही मळून होणार नाही. तिने म्हाताऱ्याला डोळे मिटायला सांगितले. बोथट टाचणीने डाव्या पावलाला टोचलं. आजोबा, जाणवतं? तो म्हणाला, नाही. पोटरी. नाही. गुडघा. नाही. मांडी. नाही.

मी म्हटलं, नीट सांग, म्हाताऱ्या, लाजू नको.

ती म्हणाली, आजी, थोडं थांबा. मग त्याला विचारलं, भाजलं तेव्हा काही कळलं? नाही. आजी मालिश करायच्या तेव्हा? त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तिने परत विचारलं. नाही. कधीपासून नाही? तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून.

तीन महिने मी विचारत होते. तिला पहिल्या खेपेलाच खरं सांगितलं.

ती शौमिनला बाजूला घेऊन म्हणाली, सप्टेंबरमध्येच आणलं असतंत तर बरं झालं असतं. किती बरं, ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

संध्याकाळी शौमिन चहा आणायला गेला. मी म्हाताऱ्याला म्हटलं, खोटारड्या, माझे अंगठे गेले, कोपर गेलं. मग आंबट कशाला म्हणायचास? त्याने जड जिभेने शब्द जुळवले. मग म्हणाला, तू कांदा चिरत होतीस.

१ डिसेंबर
आज काही नाही.

९ डिसेंबर
यांगचौला परत आले. त्याला तिथेच ठेवलाय. आठवड्यातून एकदा भेटायला जायचं. शंभर दिवस उद्या संपतात. खाट एकटीने भिंतीशी सरकवली. स्टुलाच्या चिंध्या सोडल्या. करकरतं तर करकरू दे.

मिआओबाई सूप घेऊन आली. म्हणाली, चूताई, तुम्ही केलं म्हणून तो तीन महिने तरी हसत होता. मी म्हटलं, मीठ कमी आहे.

खरंच कमी होतं.

२२ डिसेंबर, दोंगची
पहाटे उठून तिळाचं सारण भरलेले चिकट तांदळाचे गोळे केले. मऊसूत, गिळायला सोपे. डबा मांडीवर धरून नानजिंगच्या बसला बसले.

वॉर्डात दोन लाकडी दांड्यांच्या मधे म्हाताऱ्याला उभं करत होते. डावीकडून एकाने धरलेलं, मागून त्या मऊ हातांच्या डॉक्टरणीने. उभा राहिला. मी सातपर्यंत मोजलं. मग गुडघा वाकला आणि खुर्चीत बसवला. मुदत आजचीच होती. शौमिनला तसं म्हटलं. तो म्हणाला, हो आई.

डॉक्टरणीने सांगितलं, डावा हात बहुतेक येणार नाही. पायाचं काठी घेऊन बघू, वर्षभराने. मी म्हटलं, ठीक आहे. हमामखान्याचा दगड तसाही निसरडा असतो.

त्याने तीन गोळे खाल्ले. चौथा मला खायला लावला. मी डबा धुऊन ठेवला. हात नुसते ठेवून बसायची मला सवय नाही, म्हणून त्याचा हात ओढून घेतला आणि अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात हळूच दाबलं. माझा अंगठा दुखला.

न विचारायचं ठरवलं होतं. तोंडातून गेलं, आंबट झालं का?

म्हणाला, झालं.

हात उजवा होता. धडधाकट हात. तेव्हा खरंच झालं असेल.

असेल.