मोटारीच्या कमानी

दादा,

मोटार उंच आहे, माईला चढवत नाही, म्हणून नानांच्या श्राद्धाला तुम्ही तिला टांग्यानं राम घाटावर पाठवलंत. मोटार खाली आणायला चाकांवर नव्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बसवणं महाग पडतं म्हणालात ना? मग मी आज फुकटातच काम करून टाकलं. चारही कमानींचे दोन-दोन पोलादी पाटे काढले. मोटार मस्त खाली बसली आहे, माई कोणाचा हात न धरता चढली. फक्त वजन वाढलं की चाकं मडगार्डला घासतात, तेव्हा उद्या तुमच्या साहेब मंडळींना सामानासकट भोपाळला नेणं बिलकुल जमायचं नाही. काढलेले पाटे शिप्रेत सोडून आलो, शोधू नका. स्टेशनावर जायला देवास गेटवर टांगे मिळतात. साहेबांना चढताना हात द्या. टांगा मोटारीपेक्षाही उंच असतो.

श्रीकांत